मक्यातलं पाणी

नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरची ही तीन गावं. नवापूरला पोल्ट्री, नंदुरबारला मिरचीचा बाजार आणि हद्द ओलांडून धुळे जिल्ह्यात गेलं की दोंडाईचाला मक्यापासून स्टार्च काढणारा जुना कारखाना. (नवापूर स्थानकाचा अर्धा भाग गुजरातेत आहे, इथला व्यापार हद्दी फारशा मानत नाही.) भाकरी, कोंबडी आणि स्टार्च ही मक्याची तीन गिऱ्हाइकं या पट्ट्याला ओळखीची होती. आता चौथं आलंय, पेट्रोल.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं धोरण ठरलं, डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधनं आणली आणि बघता बघता देशातल्या इथेनॉलमध्ये सर्वांत मोठा वाटा मक्याचा झाला. मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे भाव ठरला. एका टनातून साधारण ३८० लिटर निघतं. सगळी चर्चा या लिटरांभोवती फिरते. मला मात्र मागे उरणारा चोथा आणि दाण्यात आधीच असलेलं पाणी, या दोन गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात.

कोरड्या दाण्यात ७० टक्क्यांच्या आसपास स्टार्च, नऊ-दहा टक्के प्रथिनं आणि चारेक टक्के तेल असतं. इथेनॉलच्या कारखान्याला हवा असतो फक्त स्टार्च. हॅमर मिलमध्ये मका भरडायचा, पाण्यात कालवून ८५-९० अंशांपर्यंत तापवायचा आणि त्यात अल्फा-अमायलेज हे विकर घालायचं. स्टार्चच्या लांबलचक साखळ्या तुटून घट्ट लापशीची पातळ पेज होते. दुसरं विकर, ग्लुकोअमायलेज, त्या तुकड्यांची साखर करतं. पुढे दोन-अडीच दिवस काम यीस्टचं.

ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल ९५ टक्क्यांपर्यंत जातं आणि तिथे अडतं. उरलेलं पाणी नुसत्या उकळण्याने सुटत नाही. मग ती वाफ झिओलाइटच्या गोळ्यांमधून सोडतात. या खनिजाची छिद्रं तीन अँगस्ट्रॉमची. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. पाण्याचा रेणू सुमारे २.८ अँगस्ट्रॉमचा, तो छिद्रात शिरतो आणि अडकतो. इथेनॉलचा ४.४चा, तो बाहेरूनच पुढे जातो. इतकी नेमकी चाळणी माणसाने रोजच्या धंद्यात वापरावी, याचं कौतुक वाटतं.

स्टार्च गेला की दाण्याचा साधारण तिसरा हिस्सा मागे राहतो. प्रथिनं आणि तेल त्यातच असल्याने त्यांचं प्रमाण जवळपास तिप्पट होतं. हा चोथा वाळवला की झाला डीडीजीएस, २७ ते ३० टक्के प्रथिनांचं पशुखाद्य. कोंबडीखाद्यात निम्म्याहून अधिक मका असतो, त्यामुळे इथेनॉलने मक्याचा भाव चढवला की पहिली झळ पोल्ट्रीवाल्यांना बसते. त्यांना भरपाई म्हणून हाच चोथा दाखवला जातो: महागडी सोयापेंड कमी करा, हा घाला. थोडा चालतोही. पण मक्याच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, म्हणून सोयापेंडीची जागा तो पूर्ण घेऊ शकत नाही.

आणि तिप्पट होतं ते प्रथिनच असं नाही.

ओल्या मक्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही पिवळट-हिरवी बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे यकृताचं विष सोडते. हे विष नव्वद अंशांना दाद देत नाही, यीस्ट ते खात नाही आणि वाफेबरोबर ते उडतही नाही. त्यामुळे इथेनॉल स्वच्छ निघतं आणि सगळं विष चोथ्यात साठतं, तेही तिप्पट तीव्रतेने. माणसाच्या धान्यात किलोमागे १५ मायक्रोग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा आहे. त्या मर्यादेत बसणाऱ्या मक्याचाही चोथा ४५च्या घरात जाऊ शकतो.

हे भय पुस्तकी नाही. १९७४च्या शरद ऋतूत गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात, म्हणजे इथल्यासारख्याच भिल्लांच्या पट्ट्यात, गावोगाव काविळीची साथ आली. १०६ माणसं दगावली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी छडा लावला तेव्हा दोषी निघाला घरातला मका: काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला, कणसं तशीच साठवली गेली आणि लोक बुरशी चढलेला मका खात राहिले. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात आजही मका आधी पोटाचं धान्य आहे, कारखान्याचा माल नंतर. 'बाएफ' या संस्थेने धडगाव भागात गावकऱ्यांसोबत उभ्या केलेल्या बियाणे बँकेत मक्याचे आणि ज्वारीचे स्थानिक वाण जपले जातात ते त्याचसाठी.

उपाय साधा आहे. दाण्यातला ओलावा १४ टक्क्यांच्या खाली आणला की बुरशीला वाढायला पाणी उरत नाही. पण खरिपाचा मका शेतातून निघतो तेव्हा ओलावा २५ टक्क्यांच्या आसपासही असतो आणि ऑक्टोबरच्या पावसाचा भरवसा कुणी द्यावा! शिवाय हिशेब उलटा बसतो. २५ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल मका १४ टक्क्यांवर आणला तर हाती ८७ किलो २०० ग्रॅम उरतो. गेलेल्या १२ किलो ८०० ग्रॅम पाण्याची किंमत २०२५-२६च्या २,४०० रुपये हमीभावाने ३०७ रुपये होते. वाळवण्याचा खर्च वेगळा. ओला मालही कमी दराने का होईना, पण आजच्या आज विकला जातो. मग शेतकऱ्याने वाळवायचा कुणासाठी? इथेनॉलसाठी कर्जावर व्याज सवलत मिळते, तशी गावातल्या ड्रायरवर मिळाली असती तर मी या धोरणाला जास्त गुण दिले असते.

वाळवण्याची विद्या नंदुरबारला नवी नाही. इथले व्यापारी ओली लाल मिरची घेतात आणि शहराबाहेर एकरांच्या एकर पथारीवर पसरतात. अवकाळी आला की तीच पथारी लाल चिखल होते. अफ्लाटॉक्सिन मिरचीलाही सोडत नाही, त्यामुळे एकच ड्रायर दोन्ही मालांना उपयोगी पडेल. गरम हवेसाठी इंधनही घरचं आहे: दाणे काढल्यावर उरलेले कणसाचे दांडे चांगले जळतात.

तापमान मात्र सांभाळावं लागतं. बियाण्याचा दाणा चाळिशीच्या फार वर गेला तर अंकुर मरतो. स्टार्चच्या कारखान्यात मका सल्फर डायऑक्साइडच्या पाण्यात ५० अंशांवर तीस-चाळीस तास भिजवून त्याचे घटक सुटे करतात. तो दाणा आधीच साठीपलीकडे तापलेला असेल तर प्रथिनं आवळून बसतात आणि स्टार्च नीट सुटत नाही. कोंबडीखाद्याचा मका त्याहून जास्त तापला तरी चालतो. म्हणून ड्रायरवाल्याने गोणी उतरवून घेण्याआधी एवढं विचारून घ्यायला हवं, की दादा, हा माल कुणाला घालणार?