नवी मोटार आणि जुना मिस्त्री

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात मोटारीच्या सर्व्हिसिंगवर लेख लिहावा, याचे कित्येकांना नवल वाटेल. आमच्या वर्गातील एका मित्राने तर "आता पुढच्या वर्षी पंक्चरवर कविता लिही" असा सल्लाही देऊन टाकला. पण हा विषय मी शोधून काढलेला नाही. तो गेल्या वर्षी आमच्या अंगणात येऊन उभा राहिला, आणि त्याने आमच्या घरातील माणसांची काही दिवस झोप उडवली.

माझे बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांची आधी मोपेड होती, मग स्कूटर आली, मग मोटारसायकल. या तिन्ही गाड्या गेली २२ वर्षे कुहीतील एकाच मिस्त्रीने दुरुस्त केल्या. मी त्यांना मिस्त्रीकाका म्हणतो. पगार लांबला तर त्यांनी कधी पैशांसाठी तगादा लावला नाही, आणि मी लहानपणी तापाने फणफणलो असताना रात्री अकराला दुकान उघडून त्यांनीच बाबांची स्कूटर चालू करून दिली होती. २०१९ मध्ये नागपूर-नागभीड छोटी लाईन रुंदीकरणासाठी बंद झाली. पुढे आजीच्या डोळ्यांसाठी नागपूरच्या फेऱ्या वाढल्या, तेव्हा बाबांनी कर्ज काढून मोटार घेतली. साहजिकच नारळ फोडण्याचा मान मिस्त्रीकाकांना मिळाला. नारळ फोडून झाल्यावर ते हसत म्हणाले, "गुरुजी, आता आमच्याकडे काहून येता तुम्ही? गाडीवाले झाले न!"

सगळे हसले. बाबा मात्र हसले नाहीत. कारण शोरूमवाल्याने गाडीची किल्ली देताना बजावून सांगितले होते, "बाहेर कुठे हात लावू दिला तर वॉरंटी गेली समजा."

झाले! आमच्या घरात दोन पक्ष पडले. कंपनीचे वर्कशॉप नागपूरला, म्हणजे जाऊन-येऊन सुमारे ८० किलोमीटर आणि बाबांची एक रजा. मिस्त्रीकाकांचे दुकान घरापासून पाच मिनिटांवर. आई म्हणे, आपला माणूस सोडून परक्याकडे कशाला? मोठे काका म्हणत, लाखांची वस्तू आहे, तेथे भिडस्तपणा कामाचा नाही. चौकातील चहाच्या टपरीवरही हाच वाद. एकाच्या मते कंपनीवाले लुटारू, तर दुसऱ्याच्या मते गावचे मिस्त्री अडाणी. दोन्ही पक्षांत एक गोष्ट समान होती. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका कोणीही उघडून पाहिली नव्हती! ती डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीसकट पडून होती. मला दुसरे काही येत नाही, पण वाचता येते. म्हणून मी ती वाचावयास घेतली.

पण त्याआधी हा प्रश्न मुळात उत्पन्नच का झाला, ते पाहिले पाहिजे. आपल्या आजोबांच्या काळात तो फारसा नव्हता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट घ्या किंवा बंगालमधील उत्तरपाड्याची ॲम्बॅसॅडर घ्या. या गाड्यांची रचना वर्षानुवर्षे फारशी बदलली नाही. कार्बुरेटर, पॉइंट, प्लग हे सारे उघड्या डोळ्यांनी दिसणारे भाग. चांगला मिस्त्री इंजिनाच्या आवाजावरून दुखणे ओळखी. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि मध्यमवर्गाच्या दारात मोटार येऊ लागली. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्बुरेटर जाऊन इंधन मोजून फवारणारी यंत्रणा आली, आणि तिच्यावर हुकमत चालवणारा छोटा संगणक आला. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ ची मानके लागू झाली. आज स्टिअरिंगच्या आसपास खालच्या बाजूला सोळा टाचण्यांचा एक सॉकेट असतो. त्याला यंत्र जोडले की गाडी स्वतःच आपले दुखणे सांकेतिक आकड्यांत सांगते. म्हणजे केवळ कानावर भागत नाही, यंत्रही लागते. असे साधे यंत्र आज बाजारात मिळते आणि पुष्कळ मिस्त्री ते वापरतातही. परंतु संगणकातील प्रणाली बदलणे किंवा नवी किल्ली गाडीशी जुळवणे, अशी काही कामे बहुधा कंपनीच्याच यंत्राने होतात.

आता वॉरंटीकडे वळू. वॉरंटी म्हणजे गाडीला काहीही झाले तरी कंपनी फुकट दुरुस्त करून देईल, असा आमच्या घरात समज होता. पुस्तिका वाचल्यावर तो गळून पडला. वॉरंटी ही मालातील किंवा घडणीतील दोषाची हमी असते. वापराने झिजणाऱ्या वस्तू, म्हणजे ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरचे रबर, बल्ब, फिल्टर, तेल, या सामान्यतः तिच्यात येत नाहीत. टायर व बॅटरी यांची हमी बहुधा ती बनवणारी कंपनी वेगळी देते. अपघाताचा खर्च विम्याच्या खात्यात जातो. वॉरंटी टिकवण्याची अट म्हणजे पुस्तिकेतील वेळापत्रकाप्रमाणे सर्व्हिसिंग करून घेणे व त्याची नोंद ठेवणे.

याच वेळापत्रकात आम्ही फसता फसता वाचलो. आमच्या गाडीच्या पहिल्या ३ सर्व्हिसिंगची मजुरी माफ आहे : १,००० किलोमीटर किंवा १ महिना, ५,००० किलोमीटर किंवा ६ महिने, १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष. पहिली वेळेवर झाली. त्यानंतर बाबा निश्चिंत. गाडी शाळेला नेत नाहीत, आजीसाठीच निघते. सहावा महिना संपत आला तरी काटा २,८०० च्या पुढे गेला नव्हता. "अजून पाच हजार झाले नाहीत," बाबा म्हणाले. परंतु तक्त्याखाली बारीक अक्षरांत तीन शब्द होते : 'जे आधी होईल'. गाडी उभी राहिली तरी तेल जुने होतच असते, हवेतील ओलावा आपले काम करीतच असतो. ते तीन शब्द मी मोठ्याने वाचून दाखवले. दुसऱ्याच दिवशी बाबांनी रजेचा अर्ज टाकला. आयुष्यभर मुलांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणणारे माझे बाबा त्या दिवशी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहत होते, हे मला नमूद केलेच पाहिजे!

माफ असते ती मजुरी, ही गोष्टही तेथेच कळली. तेल, फिल्टर वगैरेंचे पैसे आपल्यालाच द्यावे लागतात. आणि वर्षाच्या सर्व्हिसिंगच्या वेळी जॉब कार्डावर आणखी काही ओळी दिसल्या : इंजिन आतून धुणे, ए.सी. निर्जंतुक करणे, खालच्या पत्र्याला लेप देणे. या ओळींचा खर्च अंदाजाच्या जवळजवळ एक तृतीयांश होता. मी पुस्तिका पुढे करून नम्रपणे विचारले, "साहेब, एक वर्षाच्या तक्त्यात हे कोठे आहे?" साहेबांनी पुस्तिका पाहिली, मला पाहिले, आणि तिन्ही ओळी खोडल्या. चिडले नाहीत, वादही घातला नाही. ती कामे ऐच्छिक होती. फक्त ऐच्छिक असल्याचे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

यावरून कंपनीचे वर्कशॉप वाईट असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. आमच्या एका परिचितांनी दुसऱ्या गावच्या गॅरेजात तेल बदलून घेतले. तेथे डब्यातले जे होते ते ओतले गेले. तेलाच्या डब्यावर '५ डब्ल्यू ३०' असे आकडे असतात. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा ते थंडीत किती सहज वाहते हे दाखवतो, नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर त्याचा दाटपणा किती राहतो हे दाखवतो. नव्या इंजिनांतील तेलाच्या वाटा अरुंद असतात, म्हणून पातळ तेल सांगितलेले असते. तेथे जुन्या जीपचे दाट तेल घातले, तर सकाळी गाडी चालू करताना ते वरच्या भागांपर्यंत पोहोचावयास वेळ लागतो, आणि तेवढा वेळ धातूवर धातू घासतो. त्या गाडीचा आवाज वाढला, आणि बिल नसल्यामुळे कोणते तेल घातले याचा पुरावाही उरला नाही.

मग शोरूमवाल्याची ती धमकी खरी की खोटी? येथे थोडा कायदा पाहावा लागतो. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने विशिष्ट कंपनीचा सुटा भाग किंवा सेवा वापरण्याची सक्ती वॉरंटीला जोडण्यास सामान्यतः मनाई केली. आपल्या देशात २०११ मध्ये एका ग्राहकाची तक्रार भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेली. तिचे म्हणणे असे की, मोटार कंपन्या आपले अस्सल सुटे भाग व तपासणीची यंत्रे खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, त्यामुळे बाहेरच्या मिस्त्रीचे हात बांधले जातात. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना एकूण अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्याचबरोबर, बाहेर काम केले की सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे निर्देश दिले. कंपन्या अर्थातच वरच्या दारी गेल्या. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांबाबतचे निष्कर्ष मान्य केले, दंड मात्र कमी केला.

यातून सामान्य माणसाने काय घ्यावे? मला वाटते, न्याय आपल्या बाजूने असणे आणि तो कुहीहून नागपूरला जाऊन मिळवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिन बिघडले आणि कंपनीने बाहेरच्या कामाकडे बोट दाखवले, तर आयोगाचा निर्णय खिशात घेऊन शिक्षकाने किती खेटे घालावे? म्हणून वॉरंटी आहे तोवर वेळापत्रकातील सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच करावे. मात्र फक्त वेळापत्रकातलेच करावे. ही भीती नव्हे, हिशेब आहे. उलट पंक्चर, टायरची हवा, धुलाई, वायपर, बल्ब, अशा साध्या कामांसाठी ८० किलोमीटर जाणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

वॉरंटी संपल्यावर पारडे फिरते. तेव्हा मजुरीचा फरक, जवळीक आणि ओळख या गोष्टींना वजन येते. कंपनी गाडीतला प्रत्येक भाग स्वतः बनवीत नाही. बॅटरी, प्लग, फिल्टर, इंजेक्टर हे वेगवेगळ्या कारखान्यांत तयार होतात. डिझेलचे इंजेक्टर आपल्या नाशिकलाही बनतात. तोच भाग बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यातही पुष्कळदा मिळतो, आणि तोही अस्सलच असतो. जपावयाचे ते नकली मालापासून. म्हणून बिल घ्यावे, जुना भाग परत मागावा, तेलाचा सीलबंद डबा आपल्यासमोर फोडावयास सांगावा, आणि काम, तारीख, किलोमीटर यांची नोंद वहीत करावी. पुढे गाडी विकताना ही वही बोलते. एअरबॅग, गाडीचा संगणक किंवा कंपनीने दोष आढळल्यामुळे परत बोलावलेल्या गाडीचे काम असेल, तर वॉरंटी संपली तरी कंपनीकडेच जावे. अशा परत बोलावलेल्या गाडीचा दोष कंपनी फुकट काढून देते.

हे सारे कागदावर सोपे आहे. अवघड होते ते मिस्त्रीकाकांना सांगणे. बाबा महिनाभर त्यांच्या दुकानासमोरून मान खाली घालून जात होते. शेवटी एका संध्याकाळी मीच पुस्तिका घेऊन गेलो. काकांनी हात पुसले, चष्मा लावला आणि तक्त्याचे पान बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "बाबू, हे मले पहिल्या दिवशीच माहीत होतं. वारंटी आहे तोवर तिकडंच ने. माझ्यापायी गुरुजींचं नुकसान नको व्हायले. पण त्यायले सांग, तोंड चुकवून नको जात जा म्हणावं. त्याचं वाईट वाटते."

मी घरी येऊन हे शब्द जसेच्या तसे सांगितले. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी चपला घातल्या आणि बाहेर पडले. गाडीच्या चाकांत हवा पुरेशी होती, तरीही ते ती घेऊन गेले.

आता चाकांची हवा, धुलाई आणि मोटारसायकलचे सगळे काम मिस्त्रीकाकांकडे असते. त्यांनी तपासणीचे एक साधे यंत्रही घेतले आहे. त्याच्या पडद्यावरचे इंग्रजी मी त्यांना वाचून दाखवतो, आणि ते मला त्याचा अर्थ सांगतात. आमच्या गाडीची वॉरंटी संपावयास अजून अवकाश आहे. तोवर आम्हा दोघांचेही शिक्षण चालू आहे.