बाळंतपणातील सोबतीण : निवड आणि सहकार्य

आपल्या मीरा-भाईंदर परिसरातील बहुतेक कुटुंबे मूळची येथील नव्हेत. कोणी मराठवाड्यातून, कोणी विदर्भातून, कोणी कोकणातून पोटामागे मुंबईला आला आणि दोन खोल्यांच्या स्वतःच्या घरासाठी दहिसर ओलांडून येथे स्थिरावला. या सगळ्या येण्याजाण्यात जे मागे राहिले, त्यात सुनेचे माहेर हेही एक. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज होता तेव्हा बाळंतिणीजवळ आई, मावशी, थोरली भावजय आणि गावची सुईण अशी चार माणसे असत. आज माहेर पाचशे किलोमीटरवर, आईला कामावर रजा नाही, सासूबाई गुडघ्यांनी बेजार, आणि मुलगी खाटेवर एकटी, असे चित्र आम्ही आमच्या इमारतीतच तीनदा पाहिले.

भगवान बुद्धांच्या मातेचीही कथा माहेरच्या वाटेचीच आहे. महामाया प्रसूतीसाठी देवदहला निघाल्या आणि वाटेत लुंबिनीच्या वनात प्रसूत झाल्या. गांधार शैलीच्या शिल्पांत त्या शालवृक्षाची फांदी धरून उभ्या आहेत आणि शेजारी एक स्त्री त्यांना आधार देत आहे, असे दाखवलेले असते. आम्हाला त्या शिल्पातली ही दुसरी स्त्री फार महत्त्वाची वाटते. प्रस्तुत लेख तिच्याविषयीच आहे.

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. वीस वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतीचे पहिले बाळंतपण मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात झाले. रात्री नऊला तिला आत नेले, सकाळी सहाला मुलगी झाल्याचे कळले. मधले नऊ तास आम्ही बाहेरच्या बाकावर होतो आणि ती आत. उपचारात काही कसूर झाली नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण पुढे कितीतरी वर्षांनी ती एकदा म्हणाली, "अहो, त्या रात्री मला वाटलं मी मरतेय, आणि हे सांगायला कोणी नव्हतं." आम्ही निरुत्तर झालो.

अशा वेळी सोबत करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रीला हल्ली डूला म्हणतात. शब्द मूळ ग्रीक, अर्थ दासी किंवा सेविका. डेना राफेल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तो 1970 च्या सुमारास या अर्थाने रूढ केला. डूला म्हणजे सुईण नव्हे, नर्स नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. ती तपासणी करीत नाही, इंजेक्शन देत नाही, बाळ काढीत नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ छातीशी येईपर्यंत न हलता जवळ राहणे, कंबर दाबणे, पाणी पाजणे, श्वासाची लय धरून देणे, उठवून चालवणे, आणि डॉक्टरांचे बोलणे सोप्या शब्दांत समजावणे, एवढेच तिचे काम. गावच्या सुईणीकडे धीर होता पण रक्तस्राव झाला तर उपाय नव्हता, त्यापायी कित्येक माऊल्या गेल्या. म्हणून रुग्णालय हवेच. प्रश्न आहे तो रुग्णालयात जाताना धीर दाराबाहेर का ठेवावा, हा.

नुसत्या जवळ बसण्याने काय होते, असे कोणी विचारील. 1980 साली ग्वाटेमाला देशातील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथे काही बायकांना प्रसूतीच्या वेळी एक अनोळखी, वैद्यकीय शिक्षण नसलेली बाई केवळ सोबतीला दिली होती. त्यांच्या कळांचा काळ एकट्या असलेल्या बायकांच्या निम्म्याहून कमी भरला. तो अभ्यास लहान होता. परंतु 2017 साली 17 देशांतील 26 चाचण्या, म्हणजे 15 हजारांहून अधिक स्त्रिया, एकत्र धरून जो आढावा घेतला गेला, त्यातही दिसले की अखंड सोबत मिळालेल्या स्त्रियांची प्रसूती नैसर्गिक होण्याचे प्रमाण वाढते, सिझेरियन कमी होतात, वेळ थोडा कमी लागतो आणि प्रसूतीची कटू आठवण कमी राहते. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 साली प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीची सोबत असावी, अशी शिफारस केली. याचे कारण फार गूढ नाही. भीतीने अंग आखडते, आखडले की दुखणे वाढते, दुखणे वाढले की भीती वाढते. जवळचे माणूस हे चक्र तोडते. शिवाय पडून राहण्यापेक्षा उभे राहिल्याने, चालण्याने कळांचा पहिला टप्पा आटोपशीर होतो, पण एकटीने उठायचे धाडस कोण करणार?

आता निवडीविषयी. सहावा-सातवा महिना लागला की शोध सुरू करावा, नववा उजाडण्याची वाट पाहू नये. निदान दोघींना भेटावे आणि भेटताना गरोदर मुलीला पुढे बसवावे. आम्ही आमच्या धाकट्या भावजयीसाठी पाहायला गेलो तेव्हा सगळे प्रश्न आम्हीच विचारीत सुटलो होतो. शेवटी सौभाग्यवतीने डोळे वटारले तेव्हा गप्प बसलो. मुलीला जिच्यासमोर रडता येईल, तीच तिची डूला. बाकी विचारायचे ते असे: प्रशिक्षण कोठे घेतले, किती बाळंतपणांना सोबत केली, त्यांतल्या एखाद्या कुटुंबाशी बोलता येईल काय, मराठी नीट समजते काय, आणि त्याच दिवशी दुसरीकडचे बोलावणे आले तर तिच्या जागी कोण येणार. आपल्याकडे या कामासाठी सरकारी परवाना नाही, त्यामुळे ही चौकशी आपणच करावी लागते. ती राहते कोठे हेही विचारावे. रात्री दोनला लोकल नसते आणि घोडबंदर रस्त्याची वाहतूक आपण सारे जाणतोच.

एक खूण मात्र पक्की ध्यानात ठेवावी. जी बाई "सिझेरियन होऊच देणार नाही" अशी हमी देते, डॉक्टरांविरुद्ध मन भरवते, सोनोग्राफी किंवा इंजेक्शन टाळायला सांगते, अथवा स्वतःची औषधे पुढे करते, तिला चहा पाजून निरोप द्यावा.

फीचे म्हणाल तर ती माणसागणिक वेगळी, आणि आपल्यासारख्यांना हलकी नाही. आम्ही बँकेत काउंटरवर बसणारी माणसे, तोंडी व्यवहारावर आमचा भरवसा नाही. किती भेटी आधी, किती नंतर, कळा लांबल्या तर जादा पैसे काय, आयत्या वेळी ऑपरेशन ठरले तर फी किती, हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. पुढचे मनोमालिन्य टळते.

डूला ठरली तरी तिला आत सोडणार कोण? हा प्रश्न आधी सोडवावा. खाजगी नर्सिंग होममध्ये डॉक्टरांना तपासणीच्या वेळीच स्पष्ट विचारावे आणि शक्य तर तिची एकदा गाठ घालून द्यावी. न सांगता दारात उभी केली तर भांडण ठरलेले. सरकारी रुग्णालयांसाठी केंद्राच्या आरोग्य खात्याने फेब्रुवारी 2016 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि प्रसूतीच्या वेळी एका सोबतिणीला मुभा दिली. ती नात्यातली स्त्री असावी, स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबण्याची तयारी असावी, आणि तिने कर्मचाऱ्यांच्या कामात किंवा शेजारच्या खाटेत लक्ष घालू नये. जेथे आडोशाची पुरेशी सोय आहे तेथे नवऱ्यालाही परवानगी देता येते. भाईंदर पश्चिमेचे पंडित भीमसेन जोशी रुग्णालय असो वा मुंबईचे कोणतेही, नाव नोंदवतानाच याची विचारणा करावी. म्हणजे ज्यांना फी परवडत नाही त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. नणंद, जाऊ, मोठी बहीण यांपैकी कोणालाही ही तयारी महिनाभरात करता येते. वस्तीतील आशा ताईंनाही विचारावे.

प्रत्यक्ष कामाच्या वेळी घरच्यांनी काय करावे? कळा सुरू झाल्या की डूलाला फोन करावा. परंतु रक्त जाणे, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी वा झटके यांपैकी काही झाले तर तिची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे, वाहन नसेल तर 108 ला फोन करावा. ती मागाहून येईल. नवऱ्याने "आता ही आहे ना" म्हणून बाहेर चहाला जाऊ नये. हात त्याने धरावा, कंबर तिने दाबावी. आणि निर्णय नेहमी बाळंतीण व डॉक्टर यांचा. बाळ झाल्यावर पहिल्या तासात छातीशी धरून चीक पाजायला डूलाची फार मदत होते. मध चाटवायला निघालेल्या आजीला गोडीने थांबवणे हेही तिच्याच पदरी पडते.

आमच्या भावजयीचे म्हणाल तर अकरा तास कळा देऊन अखेर सिझेरियनच झाले. बाळाचे ठोके उतरू लागले होते. डूलाला शस्त्रक्रियागृहात जाऊ दिले नाही, आणि तिनेही हट्ट धरला नाही. स्ट्रेचर हलण्यापूर्वी तिने भावजयीच्या कानाशी वाकून आता काय होणार, सुई कोठे टोचणार, बाळ रडल्याचे किती वेळात ऐकू येईल, हे सगळे एकेक करून सांगितले. भावाने फीचा हिशोब मांडून "पैसे वाया गेले" असे म्हटले, तेव्हा अंथरुणातून तिने एवढेच उत्तर दिले, "तुम्हाला काय माहीत, तुम्ही आत होतात का?"

तेव्हापासून आमच्या सौभाग्यवतीने मनावर घेतले आहे. भावजयीच्या डूलाकडून तिने कंबर दाबण्याची, श्वास मोजण्याची रीत शिकून घेतली. नात्यातल्या दोघींबरोबर ती आजवर आत जाऊन आली. पुढच्या महिन्यात आमच्या पुतणीचे दिवस भरतात. दाराशेजारच्या खुंटीला एक पिशवी तयार टांगलेली आहे. तीत धुतलेला सुती पंजाबी ड्रेस, स्वच्छ चपला, केस बांधायला रुमाल, पाण्याची बाटली, ग्लुकोजची बिस्किटे आणि फोनचा चार्जर आहे.