ऊस वाहतूक आणि ब्रेकची निगा



या वेळी बेणेप्रक्रिया किंवा खोडव्याच्या खताऐवजी आम्ही ब्रेकबद्दल लिहीत आहोत. ऊस विकास खात्याच्या माणसाने गॅरेजच्या गोष्टी सांगाव्यात याचे काहींना नवल वाटेल. पण बेण्यापासून गव्हाणीपर्यंत उसाची काळजी घ्यायची, तर मधला रस्ता आणि ट्रॅक्टरवर बसलेले पोर यांची काळजी कोणी घ्यायची?

एका हंगामातली गोष्ट सांगतो. दिवस मावळतीला आला होता. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर तापीकाठच्या एका नाल्याच्या उताराला लागला. चालक पंचविशीतला, हाताने चांगला. खाली वळणावर समोरून बैलगाडी आली म्हणून त्याने ब्रेक दाबला. ट्रॅक्टरची चाके धरली गेली, पण ट्रॉल्या थांबल्या नाहीत. मागच्या वजनाने ट्रॅक्टर आडवा फिरला आणि नाल्यात कलंडला. दवाखान्यात तो आम्हाला एवढेच म्हणाला, "साहेब, बिरेक लागनाच नही."

ब्रेक लागला होता. ट्रॅक्टर नाल्यातून काढल्यावर पाहिले, तर त्याचे ब्रेक ठीक होते. ट्रॉल्यांना मात्र ब्रेकच नव्हते. पोरगा वाचला, पण पाय गेला. त्या दिवशी सकाळी "आज आणखी एक खेप टाक" असे गट कार्यालयातून त्याला सांगणारे आम्हीच होतो. ते आम्ही विसरलेलो नाही.

आपल्याकडे ट्रॅक्टर घेताना पहिला प्रश्न असतो, "किती ओढतो?" "किती थांबवतो?" हे कोणी विचारत नाही. पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा असतो. त्याच्या मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या म्हणजे त्याच्या कितीतरी पट वजन. सपाटीवर इंजिन ते वजन ओढते, उतारावर तेच वजन ट्रॅक्टरला ढकलते. बैलगाडीचे बैल उतारावर आपणहून मागे रेलतात आणि गाडी धरून ठेवतात. ट्रॅक्टरला ती समज नाही, ती चालकालाच ठेवावी लागते.

भुसावळला मालगाडी उभी असेल तेव्हा दोन डब्यांच्या मधे पाहा, हवेची नळी दिसेल. पूर्वी रेल्वेतही इंजिनाचा आणि मोजक्या डब्यांचा ब्रेक हातानेच आवळावा लागे. अमेरिकेतल्या जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ साली हवेचा ब्रेक काढला. त्यानंतर एका जागेवरून प्रत्येक डब्याचा ब्रेक लावता येऊ लागला. शहाणपण साधेच आहे. ज्याला वजन आहे, त्याला स्वतःचा ब्रेक हवा. ट्रॉलीलाही तेच लागू आहे. नवी ट्रॉली बांधताना पाट्या, रंग आणि नाव यांच्या आधी ब्रेकची सोय करून घ्या.

वेगाचे गणितही ध्यानात ठेवावे. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. ताशी ३० किलोमीटर वेगात एका सेकंदात गाडी आठ मीटर पुढे जाते. म्हणजे पाय पॅडलवर पडेपर्यंतच बैलगाडीएवढे अंतर संपलेले असते.

उतार म्हणजे केवळ कन्नडचा घाट किंवा लळिंगचा घाट नव्हे. तापी, गिरणा, पांझरेच्या काठची गाळाची जमीन पाण्याने चिरलेली आहे. शेतातून डांबरीवर येईपर्यंत दोन-तीन नाले उतरावेच लागतात. मोठ्या रस्त्यावर काय होते तेही आपण पाहिले आहे. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ, मुंबई-आग्रा महामार्गावर, ब्रेक निकामी झालेला मालट्रक वाहनांना धडकत रस्त्याकाठच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसे गेली.

आता करायचे काय, ते सांगतो.

१) शेतात वळताना ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक वेगळे वापरतात. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पॅडल खटक्याने जोडून घ्या. एकच पॅडल दाबले गेले तर ट्रॅक्टर जागीच फिरतो.

२) दोन्ही पॅडलची ढिलाई सारखी हवी. ती किती असावी हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. रिकाम्या सपाट जागेत हळू वेगात ब्रेक दाबून पाहा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढत असेल तर मिस्त्रीला दाखवा.

३) उतार लागण्यापूर्वीच गिअर खाली घ्या. जो चढ ज्या गिअरमध्ये चढता, तो त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचते म्हणून न्यूट्रल करू नका, क्लचही दाबून धरू नका. इंजिन स्वतःच वेग धरून ठेवते.

४) सारखा पाय ठेवल्याने ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक पकडत नाही. जळका वास आला तर बाजूला थांबा, ब्रेक निवू द्या.

५) पाण्यातून निघाल्यावर हळू चालवत ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून पाहा.

६) ट्रॉलीची पिन आणि तिची कॉटर रोज तपासा. जोडीला सुरक्षा साखळी लावा.

७) उभ्या ट्रॉलीच्या चाकाला लाकडी ठोकळा लावा. दगड लावलाच, तर निघताना तो उचलून टाका. रस्त्यात राहिलेला दगड रात्री मोटारसायकलवाल्याच्या जिवावर उठतो.

दसऱ्याला आपण ट्रॅक्टर धुतो, हार घालतो, नारळ फोडतो. ते जरूर करावे. पण त्याआधी एक दिवस मिस्त्रीला बोलावून ट्रॅक्टर-ट्रॉलीचे ब्रेक उघडून पाहावेत. लायनिंग हंगामाच्या मध्यात संपण्यापेक्षा सुरुवातीलाच बदललेले स्वस्त पडते.

आमच्याकडूनही एक शब्द देतो. ब्रेकच्या कामासाठी खेप चुकली, तर गट कार्यालयात येऊन तसे सांगा. तोडीची पाळी सांभाळून घेऊ, कोणी बोल लावणार नाही. ऊस एक दिवस उशिरा आला तर थोडे वजन घटेल, थोडा उतारा घटेल. ते नुकसान भरून निघते. त्या पोराचा पाय आम्हाला परत देता आला नाही.