शतावरीला सरफोजींची कसोटी

ऑगस्टचा पहिला आठवडा स्तनपान सप्ताहाचा. या दिवसांत शतावरी कल्प, मेथीच्या गोळ्या आणि अंगावरचं दूध वाढवणारे चहा यांच्या जाहिरातींना ऊत येतो. बहुतेक जाहिरातींची भिस्त एकाच शब्दावर, परंपरा. मग परंपरेचा हिशेब तंजावरातच मांडावा.

तिथले मराठी राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महाल उभारला. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य असे चारही प्रकारचे वैद्यक तिथे एका छताखाली नांदत होते. त्या परिसरातले उपचार ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या तमिळ पद्यग्रंथांत उतरले. त्यांतला एक खंड गर्भिणी आणि बालरोगांचा आहे. पण सरफोजींचं खरं मोठेपण वेगळ्याच कागदांत आहे. नेत्ररुग्णांची लक्षणं, उपचार आणि डोळ्यांची रंगीत चित्रं यांची टिपणं त्यांनी करवून घेतली. सरस्वती महाल ग्रंथालयात ती आजही आहेत. औषध दिलं, पुढे काय झालं? हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाला पडत होता.

शतावरीच्या बरणीला तो क्वचितच विचारला जातो. विचारला तेव्हा उत्तरं उलटसुलट आली. १९९६ साली ‘इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये आलेल्या चाचणीत शतावरीने दूध वाढल्याचं दिसलं नाही. २०११च्या दुसऱ्या एका भारतीय चाचणीत मात्र दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक चांगलंच वाढलेलं आढळलं. २०२०मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने दूधवाढीच्या औषधांच्या आणि वनस्पतींच्या ४१ चाचण्या, ३,००५ माता, एकत्र तपासल्या. पुरावा इतका कच्चा निघाला की ठाम निष्कर्ष काढता आला नाही.

पण म्हणून आजीचे अळिवाचे लाडू फेकायचे नाहीत. मराठी घरातले डिंक-मेथी-बाळंतशेपा असोत की तमिळ घरातला लसूण, प्रसव लेहियम आणि ‘पाल सुरा’ माशाचं पुट्टू, ओल्या बाळंतिणीला चौरस खायला मिळतं आणि कुणीतरी तिच्यासाठी चुलीपाशी उभं राहतं, हा फायदा खराच. गोळी-कल्पाचं तसं नाही. कल्पात साखर बरीच असते. मोठ्या मात्रेतली मेथी रक्तातली साखर उतरवू शकते, त्यामुळे मधुमेहाची औषधं घेणाऱ्या आईने ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर मेथीही त्रास देऊ शकते.

दूध बनतं ते मागणीवर. बाळ ओढतं तसं प्रोलॅक्टिन वाढतं, स्तन रिकामे होतात तसं नवं दूध तयार होतं. साचून राहिलं की शरीर हात आखडता घेतं. पहिल्या दिवशी एका वेळेला चमचाभर चीकच येतो आणि तेवढा बाळाला पुरतो. नेमक्या त्याच दिवशी ‘दूध उतरलं नाही’ म्हणून घर घाबरतं, वरचं दूध सुरू होतं आणि मागणीच तुटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या बाळांचं प्रमाण अवघं ४१.८ टक्के होतं. बरणीचा खप इथेच रुजतो, असं या लेखाचं स्पष्ट मत आहे.

तेव्हा बरणीआधी बाळाची पकड कुणा जाणत्या परिचारिकेला दाखवावी. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाला निदान सहा वेळा लंगोट ओले करतं का आणि दोन आठवड्यांत जन्मवजनावर परत येतं का, हे मोजावं. तसं होत नसेल तर कल्पाचा गुण यायची वाट पाहत बसू नये. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठावा.