बरे न होणाऱ्या मुलांसाठी घर

सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर माणसे काय काय दुखणी घेऊन येतात, हे महाड-पोलादपूरच्या वाचकांना सांगायला नको. खरूज, सांधेदुखी, अंगावरचे चट्टे. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आपल्या आठ वर्षांच्या मुलाला रोज पाठीवर घेऊन तेथे जात असत. मुलाला हाडाचा कॅन्सर होता आणि तो फुप्फुसापर्यंत पोहोचला होता. मुंबईहून ‘आता घरी न्या’ असे सांगून त्याला पाठवले होते. या पाण्याने रोग बरा होईल असे वडिलांना वाटते की काय, म्हणून मी जरा रागानेच विचारले. ते म्हणाले, “नाही डॉक्टर. पाण्यात बसवला की अर्धा तास रडत नाही.”

त्या अर्ध्या तासासाठी वडील रोज ती पायपीट करीत होते. मी मात्र नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांनी त्याचे दुखणे थांबणार नाही हे मला कळत होते.

‘आता काही करता येणार नाही’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोलले जाते. त्याचा खरा अर्थ एवढाच, की रोग बरा करता येणार नाही. दुखणे, धाप, उलट्या, झोप न येणे, आईची उडालेली झोप, या सगळ्यावर करण्यासारखे पुष्कळ असते. त्याला उपशामक उपचार म्हणतात आणि तो जेथे मिळतो त्या ठिकाणाला हॉस्पिस. मरणाची वाट पाहण्याची जागा, असा त्याबद्दल गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1998 साली मुलांच्या बाबतीत स्पष्ट सांगितले, की हे उपचार निदान झाल्या दिवसापासून सुरू करावेत आणि मूळ रोगावरचे उपचार चालू असतानाही द्यावेत. म्हणजे केमोथेरपी चालू असलेल्या मुलालाही ते हवेत आणि स्नायू झिजत जाण्याचा आजार घेऊन दहा-पंधरा वर्षे जगणाऱ्या मुलालाही.

मोठ्या माणसांसाठी आपल्या देशातले पहिले हॉस्पिस, ‘शांती आवेदना सदन’, मुंबईत वांद्र्याला 1986 साली सुरू झाले. मुलांसाठीचे जगातले पहिले हॉस्पिस त्याआधी, 1982 साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे निघाले. त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. हेलन नावाच्या लहान मुलीच्या मेंदूतली गाठ काढली, पण मेंदूला कायमची इजा झाली. आईवडील तिला घरी सांभाळीत होते. सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका या जोगिणीची त्यांच्याशी ओळख झाली. तिने विचारले, अधूनमधून मी हिला माझ्याकडे ठेवून घेऊ का, म्हणजे तुम्हाला थोडी विश्रांती मिळेल? या एका विचारण्यातून ‘हेलन हाऊस’ उभे राहिले. आपल्याकडे अशा मुलाची आई वर्षानुवर्षे रात्री सलग झोपलेली नसते. तिला कोणी असे विचारल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

महाराष्ट्रात असे काम निघाले ते सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या आधाराने. हे रुग्णालय मुंबई महानगरपालिकेचे. 2014 साली ‘हॅपी फीट होम’ हे मुलांचे केंद्र या रुग्णालयाच्या सहकार्याने सुरू झाले. मानसी शहा आणि अभिषेक तातिया या दोघांनी त्यासाठी पुढाकार घेतला. कॅन्सर, थॅलेसेमिया, एचआयव्ही अशा आजारांची मुले तेथे दिवसा येतात. खेळ, चित्रे, अभ्यास, खाणेपिणे आणि पालकांशी बोलणे, असा तेथील दिवस असतो.

अशा सहकार्यातली वाटणी समजून घ्यावी. पालिकेच्या रुग्णालयाकडे रुग्ण असतात, डॉक्टर, औषधे आणि जागा असते. नसतो तो वेळ. बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असताना ‘मी मरणार का?’ या मुलाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला कोण बसणार? तो वेळ स्वयंसेवी संस्था देते. उलट, संस्थेने एकटीने इमारत बांधली तर सारी देणगी भिंतींत जाते आणि रात्री मुलाला झटका आला की धावायचे पुन्हा रुग्णालयातच.

‘हे मुंबईचे झाले’ असे कोणी म्हणेल. पण जव्हार काही मुंबई नव्हे. तेथील कुटीर रुग्णालयात मुलांच्या उपशामक उपचारांचा प्रकल्प सुमारे 2010 नंतरच्या वर्षांत चालवला गेला. टाटा रुग्णालयाच्या डॉ. मेरी ॲन मकाडन यांचा त्यात पुढाकार होता. डोंगर, पाडे, पावसात तुटणारे रस्ते हे सारे तेथे आपल्या पोलादपूरसारखेच आहे. आपल्याला इमारत नकोच. ग्रामीण रुग्णालयातली एक खोली, प्रशिक्षण घेतलेली एक परिचारिका, घरी जाऊन येण्यासाठी एक गाडी, एवढ्यावर सुरुवात होते. नगरपरिषद आहे, आशाताई गावोगाव आहेत. औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कारखान्यांना 2013 च्या कंपनी कायद्याने नफ्यातला दोन टक्के भाग समाजकार्यासाठी खर्चावा लागतो. त्यातून प्रवेशद्वारे आणि बाकडी पुष्कळ झाली.

खरी अडचण औषधाची आहे. जोराच्या वेदनेवर मॉर्फीनसारखे औषध नाही. ते अफूपासून बनते आणि अफू सरकारी परवान्याने मध्य प्रदेशात, राजस्थानात पिकते. पीक आपल्या देशात आणि आपलीच मुले कण्हत पडलेली! 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे परवान्यांची इतकी कटकट झाली, की बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. 2014 साली कायदा बदलला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ते ठेवता येते. पण तशी मान्यता कोणीतरी मागावी लागते.

मुलांना मॉर्फीनची सवय लागेल ही भीती पालकांना वाटते, डॉक्टरांनाही वाटते. वेदनेसाठी वजनाप्रमाणे आणि देखरेखीखाली दिले तर व्यसन सहसा लागत नाही. जागतिक संघटनेच्या 2012 च्या सूचनेत मुलांसाठी दोनच पायऱ्या होत्या: सौम्य वेदनेला पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन आणि त्याने न भागल्यास मॉर्फीनसारखे औषध. मधल्या पायरीचे कोडीन मुलांना देऊ नये. मॉर्फीनची साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची असते. दुखेपर्यंत थांबायचे नाही. त्याने शौचाला हमखास घट्ट होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून हवे.

बोलता न येणाऱ्या मुलाची वेदना चेहऱ्यावर पाहावी. कपाळाला आठ्या, पाय पोटाशी, उचलले की वाढणारे रडणे. काही मुले तर दुखण्याने अगदी गप्प होतात आणि घरच्यांना वाटते, बरे वाटते आहे.

त्या मुलासाठी मॉर्फीन शेवटी मुंबईहून आणावे लागले. त्यात नऊ दिवस गेले. औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी तो रात्रभर झोपला. पुढे महिनाभर होता, ओटीवर बसून धाकट्या भावाबरोबर गोट्या खेळत असे. वडील तरी त्याला सवला नेतच राहिले. म्हणाले, “त्याला पाणी आवडतं.”

आपल्या घरी किंवा शेजारी असे मूल असेल, तर मुंबईचे कागद फाडू नका, सांभाळून ठेवा. टाटा रुग्णालयात उपशामक उपचारांचा वेगळा विभाग आहे. ‘घरी न्या’ असे सांगितले गेले तरी त्याच दिवशी तेथे जाऊन यावे आणि दुखण्याचे औषध किती, कधी आणि संपल्यावर कोठून आणायचे, हे लिहून घ्यावे. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. तोही त्याच फेरीत मागून घ्यावा.