संगणक कशात गुंतला आहे?

नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, म्हणजे आपल्या सीबीएसवर, शाळा सुरू होताना पासाच्या खिडकीपुढे रांग लागते. समजा, तुमच्या पुढच्या माणसाने एकदम चारशे अर्ज आत सरकवले. आतला कारकून आळशी झालेला नाही. तो भराभर काम करतो आहे, पण तुमचे नव्हे! शाळेतला संगणक साधी फाईल उघडायला पाच मिनिटे लावतो, तेव्हा बहुधा असेच झालेले असते.

हे चारशे अर्ज कोणाचे, ते शोधता येते. विंडोज प्रणाली असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील. रकान्याच्या मथळ्यावर टिचकी मारली की त्यातील सर्वांत खादाड प्रक्रिया वर येते. आधी भरलेला रकाना कोणता ते पाहा. डिस्क १०० टक्के आणि सीपीयू अवघा १० टक्के असेल, तर प्रोसेसर बिचारा माहितीची वाट पाहत बसला आहे. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्डडिस्कवर हे नेहमी आढळते.

तपशिलाच्या यादीत 'सिस्टिम आयडल प्रोसेस' ९५ टक्के दिसली तर मात्र घाबरू नका. तो रिकाम्या वेळेचा आकडा आहे; जितका मोठा तितका चांगला!

'सर्व्हिस होस्ट' हे नाव अधिक फसवे. ते एक पाकीट आहे. आत काम करणारी सेवा वेगळीच असते. २०१३ च्या अखेरीस विंडोज एक्सपीचे असंख्य संगणक या पाकिटापायी ठप्प होत. आत होती अद्ययावत करणारी सेवा, 'विंडोज अपडेट'. इंटरनेट एक्सप्लोररच्या प्रत्येक नव्या दुरुस्तीने आधीची दुरुस्ती रद्द होई. अशी वर्षानुवर्षांची साखळी ही सेवा तपासत बसे, आणि तपासण्याची रीत अशी की साखळीच्या लांबीबरोबर काम गुणाकाराने वाढावे. प्रत्येक कडीला काम दुप्पट होते असे धरून हिशेब करा : १० कड्यांना १,०२४ पट, २० कड्यांना दहा लाखांहून अधिक, ३० कड्यांना सुमारे १०७ कोटी पट! दोष यंत्राचा नव्हता, गणिताचा होता. जानेवारी २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या दुरुस्त्या यादीतून काढल्या.

ही सेवाच बंद केली की संगणक तात्काळ पळू लागे. उपाय सोपा, पण महाग बरे का! १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' हा उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरला आणि संगणकांतील फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती विंडोजच्या चालू आवृत्त्यांसाठी मार्चमध्येच निघाली होती. ती न बसवलेले संगणक सापडले.

म्हणून अनोळखी प्रक्रिया दिसताच 'एंड टास्क' दाबू नका. शिक्षकांच्या परवानगीने हा प्रयोग करा. संगणक सुरू झाल्यापासून दर पाच मिनिटांनी, तासभर, सीपीयू व डिस्कचे आकडे आणि सर्वांत वरच्या प्रक्रियेचे नाव वहीत लिहा व आलेख काढा. आलेख हळूहळू उतरला, तर अद्ययावत करणे, विषाणूंची तपासणी किंवा फायलींची सूची बनवणे यांपैकी काही चालू होते. ते मधल्या सुट्टीत उरकू द्या. तासभर रेघ वरच राहिली, तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी नवा आलेख काढा.