मोबाईलवर लग्नपत्रिका आली? आधी फाईलचं नाव बघा

शिराळा : लग्नाचं आमंत्रण आता व्हॉट्सॲपवरही येतं. मुंबईच्या पाहुण्यांना कार्यालयाचं लोकेशन मिळतं, ज्यांना येणं जमत नाही ते मोबाईलवर लाईव्ह अक्षता बघतात. सोय चांगली, पण भामट्यांनीही हीच वाट धरलीय. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतील एका सरकारी कर्मचाऱ्याने अशी पत्रिका उघडली अन् खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले.

खरी पत्रिका फोटो, व्हिडिओ किंवा पीडीएफ असते. फाईलच्या नावाशेवटी इंग्रजीत ‘एपीके’ असेल तर ते ॲप समजा. इन्स्टॉल केलं की ओटीपी परक्याच्या हाती जाऊ शकतो. शंका आली तर पाहुण्यालाच फोन लावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा. यजमानांनीही पत्रिका फोटोतच पाठवावी.